दोन जावांची सब्जेक्ट लाइन

त्या दोघी माझ्या ऑफिसात एकाच सोफ्यावर बसल्या होत्या आणि मधोमध दोघींच्या पर्सा तटबंदीसारख्या रचलेल्या होत्या. थोरली शकुंतलाबाई, धाकटी वैशाली. एकाच घरातल्या जावा. लासलगावहून नाशिकच्या इंदिरानगरपर्यंत एकाच गाडीतून आल्या होत्या.

"मॅडम, हिला सांगा," शकुंतलाबाई माझ्याकडे बघत म्हणाल्या, "आपल्या मेलमधले फोटो लोकायला दिसत नाय. म्या कधीची सांगून ऱ्हायले."

"मॅडम, त्यांना सांगा," वैशाली भिंतीवरच्या कॅलेंडरला म्हणाली, "की फोटो त्यांच्याच मिस्टरांनी काढलेत. कांद्यापेक्षा अंगठाच मोठा आलाय."

मी टेबल फॅनसारखी इकडून तिकडे मान फिरवत होते. शेवटी न राहवून विचारलं, "तुम्ही एकमेकींशी बोलत नाही का?"

"नाय," एक म्हणाली.

"नाही," दुसरी म्हणाली.

त्या दिवशी दोघींचं एकमत झालेला हा पहिला मुद्दा.

अबोल्याचं कारण मला पुढे हळूहळू कळलं. वैशाली नाशिकची, शिकलेली मुलगी. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात तिने हौसेने कुरडया केल्या. त्या पाहून थोरल्या जाऊबाई चार पाहुण्यांसमोर म्हणाल्या, "ह्या कुरडया नाय, नळाचे वॉशर हायत." त्यावर वैशालीने जाऊबाईंचे पापड हातात घेऊन वाजवून दाखवले आणि गोठ्यावर पत्र्याऐवजी घालायला बरे पडतील असं सुचवलं. पाहुणे हसले. घर हसलं. या दोघी मात्र त्या दिवसापासून गप्प झाल्या त्या झाल्याच.

पण कारखाना एकच. लासलगावला कच्चा कांदा ट्रॅक्टरने येतो आणि ट्रकने जातो; यांच्याकडे तो वाळवून, चकत्या किंवा भुकटी करून, पोत्यांत भरून जातो. गिऱ्हाईक म्हणजे फरसाणवाले, मसालेवाले, हॉटेलं, मेस चालवणारे. सासरेबुवांनी जाताना कारखाना मुलांच्या नावे न करता दोन्ही सुनांच्या नावे केला. मुलांच्या नावे केला असता तर त्यांनी विकून दोन चकचकीत गाड्या घेतल्या असत्या, असं म्हातारबाबांचं मत होतं. हे मत धाकटा मुलगा संपत स्वतःच मोठ्या अभिमानाने सगळ्यांना सांगतो.

शकुंतलाबाई माल बघायच्या, वैशाली विक्री. दर महिन्याला सगळ्या गिऱ्हाइकांना एक ईमेल जायचं आणि त्या ईमेलला कोणी हूं की चूं करायचं नाही. ते हलवून जागं करावं म्हणून त्या माझ्याकडे आल्या होत्या.

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तो अजून माझ्या सख्ख्या बहिणीलाही कळलेला नाही. तिची समजूत अशी की, परदेशातल्या कोणा राजपुत्राची इस्टेट तुमच्या नावावर झाली आहे असे निरोप जगाला पाठवते ती मीच. तसं नाही. मी आधी अंबडच्या एका व्हॉल्व्हच्या कारखान्यात विक्री विभागात कोटेशनं टाइप करायचे. तिथे गिऱ्हाइकांना ईमेल पाठवण्याचं काम कोणालाच नको होतं, म्हणून ते माझ्या गळ्यात पडलं आणि मला ते भलतंच आवडलं. पुढे नोकरी सोडून मी स्वतःचं ऑफिस टाकलं. व्यापाऱ्यांची ईमेलं पोचतात का, उघडली जातात का, वाचली जातात का आणि वाचून कोणी काही करतं का, हे बघायचं. वरच्या मजल्यावरच्या नळाला पाणी येत नाही म्हटल्यावर प्लंबर खालपासून एकेक जोड तपासत जातो, तसंच. कुठे गळतंय ते सापडलं की निम्मं काम झालं.

लोकांना वाटतं, सगळी करामत मजकुरात असते. मजकुरापर्यंत पोचतो कोण? माणूस आधी बघतो मेल कोणाचं आलंय आणि मग बघतो विषयाची एक ओळ, म्हणजे सब्जेक्ट लाइन. एवढ्यावर तुमचं नशीब ठरतं.

याचा सगळ्यात झणझणीत पुरावा मला गंगापूर रोडच्या एका दातांच्या डॉक्टरांनी दिला. डॉक्टरांचं नाव स्नेहल. वय साठीच्या पुढे, मिशा पोलीस पाटलासारख्या. मी सांगत होते की पाठवणाऱ्याच्या नावात दवाखान्याचं नाव घाला. ते म्हणाले, "छे, त्यात आपुलकी नाही!" आणि त्यांनी सगळ्या जुन्या पेशंटना स्वतःच एक मेल पाठवलं. पाठवणार: स्नेहल. विषय: 'किती दिवस झाले, भेटला नाहीत.'

माझ्या सगळ्या कारकिर्दीत एवढं उघडलं गेलेलं दुसरं मेल मी पाहिलेलं नाही. उघडणाऱ्यांत बायकाच जास्त होत्या, आणि मेल नवऱ्यांना आलेलं होतं. दुपारपासून दवाखान्याचा फोन वाजायला लागला. "कोण ही स्नेहल?" असं कोणी कडाडून विचारलं की पलीकडून घोगरा आवाज यायचा, "मीच स्नेहल. तुमच्या मिस्टरांची अक्कलदाढ काढायची राहिलीय." त्या महिन्यात डॉक्टरांकडे जोडप्याने येणाऱ्या पेशंटांची गर्दी झाली. बायका खात्री करून घ्यायला यायच्या आणि आल्याच आहेत तर स्वतःचेही दात दाखवून जायच्या.

तर असा हा धंदा. परत जावांकडे येते.

त्यांचं मेल मी उघडलं. म्हणजे उघडायचा प्रयत्न केला. विषयाची ओळ अख्खी मोठ्या इंग्रजी अक्षरांत, पुढे उद्गारचिन्हांची रांग. आत एकही वाक्य नाही, नुसते जडच्या जड फोटो. तळाला बारीक अक्षरांत सूचना: 'कृपया या मेलला उत्तर देऊ नये.'

"हे कोणी लिहिलं?" मी विचारलं.

"मोठ्या कंपन्यांच्या मेलमध्ये असतं," वैशाली म्हणाली.

"मॅडम, हिला सांगा," शकुंतलाबाई उसळल्या, "गिऱ्हाईक दारात आल्यावर 'बोलू नका' अशी पाटी कोण लावतं? आपल्या घरात एवढी बोलायची बंदी पुरे नाय का?"

वैशालीला हसू आलं, पण तिने ते कॅलेंडरच्या बाजूला वळवलं.

पहिला महिना सगळी झाडलोट करण्यात गेला. बंद पडलेले पत्ते काढले, नको म्हणणाऱ्यांना हात जोडून वगळलं, फोटो हलके केले, उत्तर देता येईल असा पत्ता घातला. गिऱ्हाईक बहुतेक महाराष्ट्रातलं, म्हणून मेल सरळ मराठीत करायचं ठरवलं. राहिली सब्जेक्ट लाइन.

वैशालीने ओळ आणली: 'उच्च दर्जाचा निर्जलीकृत कांदा आता किफायतशीर दरात.'

शकुंतलाबाईंनी ओळ आणली: 'कांदा चिरताना रडणारा माणूस अजून तुमच्याकडे कामाला आहे का?'

"मॅडम, त्यांना सांगा, हे धंद्याचं मेल आहे, तमाशाचं नाही."

"मॅडम, हिला सांगा, निर्जलीकृत म्हटल्यावर माणसाला कांदा नाय, कॉलरा आठवतो."

मी दोघींना थांबवलं. माझ्या धंद्यात अशा भांडणावर एक तोडगा आहे आणि तो फार जुना आहे. यादीतले थोडे पत्ते घ्यायचे, त्यांचे दोन भाग करायचे, एका भागाला ही ओळ, दुसऱ्याला ती. मेल आतून सारखंच. जी ओळ जास्त चालेल ती मग बाकी सगळ्यांना. चालेल म्हणजे किती जणांनी उघडलं एवढंच नाही. आजकालचे फोन आपल्याआधी आपलं मेल उघडून बसतात, त्यामुळे तो आकडा फसवा झालाय. मी उत्तरं बघते.

"म्हणजे मतदान!" शकुंतलाबाईंचे डोळे चमकले. लासलगावच्या माणसाला निवडणूक म्हटलं की अंगात येतंच. "घ्या मतदान. आन् एक करा मॅडम, ज्या ओळीला जिचं डोकं, तिचं नाव खाली. पडली तर तिची पडली पाहिजे."

शकुंतलाबाई दणक्यात निवडून आल्या. नाशिक रोडच्या एका मेसवाल्याचं उत्तर मी अजून जपून ठेवलंय: 'आहे. नाव दत्तू. त्याला तुमचं मेल वाचून दाखवलं, तो कांदा चिरता चिरता हसला. आधी रडत होता, आता दोन्ही करतोय. पाच पोती भुकटी पाठवा.'

मी फोन करून हे सांगितलं तेव्हा पलीकडे कारखान्यात एकच कल्ला झाला. कांदा सोलणाऱ्या बाया थोरलीच्या बाजूच्या होत्या. "मॅडम," शकुंतलाबाई ओरडून म्हणाल्या, "हिला सांगा!" काय सांगायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. नुसतंच, "हिला सांगा!"

वैशालीने महिनाभर दात-ओठ खाल्ले आणि पुढची ओळ आणली: 'पुढच्या महिन्यात कांदा किती महागणार? आम्हालाही माहीत नाही. आमचा भाव मात्र ठरलेला.'

ही ओळ वाचून मी खुर्चीतून उठले. कांद्याचा भाव आज वर, उद्या खाली. त्यात खरेदी करणाऱ्या माणसाची झोप उडालेली असते. त्याच्या उशीपाशी जाऊन बोलणारी ओळ होती ती. वैशाली जिंकली. सहज जिंकली. या वेळी पॅकिंगच्या पोरींनी जल्लोष केला, कारण पॅकिंगवाल्या धाकटीच्या.

मग जी धमाल सुरू झाली! दर महिन्याला सामना. शकुंतलाबाई भर उन्हात वाळवणाच्या ट्रेंमधून फोन करायच्या. "मॅडम, आली! लिहून घ्या, विसरून जाईन." वैशाली स्वयंपाक करता करता पाठवायची, मागे कुकरच्या शिट्ट्या. 'आमच्या कांद्याला सुट्टी नसते, तुमच्या कूकला असते.' 'पाहुणे अचानक येतात. भुकटी कपाटातच असते.' 'पावसाने रस्ता बंद, तुमची भजी चालू.' कधी ही जिंकायची, कधी ती. गिऱ्हाइकंही भागीदार झाली. माल मागवताना लोक लिहायला लागले, 'या वेळी धाकट्या बाईंनी मारलं,' 'शकुंतलाबाईंना सांगा, जरा जोर कमी पडला.' पुण्याच्या एका फरसाणवाल्याने तर स्वतःची एक ओळ पाठवली. ती इतकी वाईट होती की तिच्याबद्दल दोघींचं दुसऱ्यांदा एकमत झालं.

मी आयुष्यात व्हॉल्व्हसाठी ओळी लिहिल्या, क्लासेससाठी लिहिल्या, द्राक्षाच्या औषधांसाठी लिहिल्या. चांगल्या लिहिल्या, असं मला वाटतं. पण आमचं लेखन हे असं: लोक वाचतात आणि पुसून टाकतात. वर्तमानपत्राच्या कागदात निदान भेळ तरी बांधतात. डिलीट केलेल्या मेलमध्ये तेही होत नाही. याची मला कधी कधी खंत वाटते. त्या महिन्यांत मात्र वाटत नव्हती. अनोळखी माणसं ईमेलची वाट बघत होती! या धंद्यात हे भाग्य कोणाच्या वाट्याला येतं?

ऑर्डरी वाढल्या. जावांनी वाळवणाचं मोठं यंत्र मागवलं, आणखी बाया कामावर घेतल्या. दिवाळी समोर होती. दिवाळी म्हणजे फरसाणवाल्यांचा मोसम, म्हणजेच यांचा मोसम. गोदाम आढ्यापर्यंत भरून ठेवलं.

आणि मग दिवाळीचं मेल गेलं आणि काहीही झालं नाही.

एकही उत्तर नाही. दत्तूच्या मालकाचं नाही, फरसाणवाल्याचं नाही. मी मेसवाल्याला फोन केला. ते म्हणाले, "या महिन्यात बायांनी काही पाठवलंच नाही ना? मी रोज बघतोय." मी म्हटलं, "जरा स्पॅमच्या फोल्डरमध्ये बघा." त्यांनी फोल्डर उघडलं. मग ते म्हणाले, "अरेच्चा! इथे लॉटरीच्या आणि गोळ्यांच्या जाहिरातींमध्ये बसल्यात की!"

एकाच्या स्पॅममध्ये गेलं तर तो योगायोग. मी आणखी चौघांना विचारलं. सगळीकडे तेच.

ईमेल पोचवणाऱ्या कंपन्या पाठवणाऱ्याची पत बघतात. गावात उधारीवर माल देताना दुकानदार बघतो तशीच. भलत्याच लोकांना मेल पाठवलं, त्यांनी 'हा कचरा आहे' असं बटण दाबलं, पत्तेच खोटे निघाले, की पत गेली. मग तुम्ही सख्ख्या गिऱ्हाइकाला लिहिलं तरी पोस्टमन ते परस्पर उकिरड्यावर टाकतो. आमची पत अशी एका रात्रीत कशी गेली?

शकुंतलाबाईंचा फोन आला. "मॅडम, हिनंच काहीतरी केलंय. मागच्या वेळी हरली ना."

लगेच वैशालीचा. "मॅडम, त्यांनीच कोणाला तरी हात लावायला दिला असणार."

दुसऱ्या दिवशी दोघी ऑफिसात आल्या. मागून संपत आला, वैशालीचा नवरा. उंचापुरा माणूस, पण त्या दिवशी दारातच अर्धा दिसत होता.

"वहिनी," तो थोरलीला म्हणाला, "म्या केलं."

त्याची गोष्ट साधी होती. मेलचं एवढं नाव झालेलं बघून त्याला वाटलं, एवढ्याशा लोकांना पाठवून एवढं होतं, तर लाखाला पाठवलं तर? एका माणसाने त्याला स्वस्तात लाखभर पत्ते विकले. संपतने वैशालीचा लॅपटॉप उघडला आणि शकुंतलाबाईंची कांदा चिरून रडण्याची ओळ सगळ्यांना पाठवून दिली. ती कोणाकोणाला गेली हे मी बघितलं तेव्हा मला रडावं की हसावं कळेना. मुलींच्या शाळा, देवस्थानं, एक जैन भोजनालय, विमा एजंट, आणि कांदा वाळवणारे चार-पाच कारखाने.

"मला वाटलं, तुमाला दोघींला सरप्राइज देऊ," संपत म्हणाला.

मोसम तोंडावर होता. गोदाम भरलेलं. नव्या यंत्राचा हप्ता सुरू व्हायचा होता, आणि माल उठला नाही तर नव्याने घेतलेल्या बायांना ऐन दिवाळीत घरी बसवावं लागलं असतं. शकुंतलाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "मॅडम, पैशे भरून हे सुधरतं का?"

"नाही," मी म्हटलं. "पत पैशाने परत येत नाही. जी माणसं आपल्याला खरंच ओळखतात त्यांनी साक्ष द्यायची. त्यांनी स्पॅममधून आपलं मेल उचलायचं, 'हा कचरा नाही' म्हणायचं आणि दोन ओळी उत्तर लिहायचं. आधी थोडे जण, मग जास्त, मग सगळे. पण त्यांना हे सांगायचं कसं? मेल तर पोचतच नाही."

"मंग फोन करायचा," शकुंतलाबाई म्हणाल्या.

तसंच केलं. माझ्याच ऑफिसात, त्याच सोफ्यावर. पर्सा खाली जमिनीवर ठेवल्या, कारण मांडीवर फोन आणि वह्या होत्या. संपतला चहा आणायच्या कामावर नेमलं. संध्याकाळपर्यंत त्याच्याइतका चांगला चहा कोणी आणत नाही, हे सिद्ध झालं.

पहिला फोन शकुंतलाबाईंनी केला, मालेगावच्या एका हॉटेलवाल्याला. नमस्कार वगैरे झाला. तो माणूस मोठ्याने बोलणारा, मला टेबलापर्यंत ऐकू येत होतं. "तुम्ही कोणत्या? रडणाऱ्यावाल्या का भाववाल्या?"

"रडणाऱ्यावाल्या," शकुंतलाबाई म्हणाल्या.

"मग भाववाल्या बाईंना द्या जरा. मी त्यांच्या पार्टीचा."

शकुंतलाबाईंनी फोन कानापासून काढला. मी नेहमीप्रमाणे हात पुढे केला, त्या मला देतील आणि मी तिला देईन म्हणून. त्यांनी माझा हात बघितलाच नाही. फोन सरळ शेजारी धरला.

"घे गं," त्या म्हणाल्या. "तुझा माणूस हाय."

"द्या," वैशाली म्हणाली.

मी पटकन कॉम्प्युटरकडे तोंड केलं आणि एक कोरा कागद टाइप करायला लागले. संपत चहाचा ट्रे घेऊन दारात तसाच उभा. त्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे बघितलं. आम्ही दोघांनी श्वास घ्यायचासुद्धा आवाज केला नाही. वाटलं, एक कप वाजला तर हे मोडेल.

मोडलं नाही. पुढचा फोन वैशालीने लावला आणि थोड्या वेळाने म्हणाली, "हा तुमचा आहे." मग पुन्हा इकडून तिकडे. "घे, हा तुझा." "घ्या, तुमचा." दुपारनंतर तर फोन मधल्या मध्ये पकडून दोघी एकदमच बोलायला लागल्या. एका मसालेवाल्याला दोघींनी मिळून असं हसवलं की त्याने फोनवरच ऑर्डर दिली आणि वर विचारलं, मेल शोधायचंच आहे का अजून? "शोधायचंच!" दोघी ओरडल्या.

लोकांनी खरंच शोधलं. मेसवाल्यांनी, हॉटेलवाल्यांनी, त्या भयंकर ओळ लिहिणाऱ्या फरसाणवाल्यानेही. स्पॅममधून उचललं, उत्तरं लिहिली. काहींनी नुसतं 'साक्ष' एवढंच लिहिलं. मी रोज थोड्या थोड्यांना पाठवत गेले, आणि रोज मेल थोड्या जास्त घरांत नीट पोचत गेलं.

संपतलाही काम होतं. लाखभर लोकांपैकी ज्यांनी शिव्या लिहून पाठवल्या होत्या त्या प्रत्येकाला त्याने स्वतः माफी लिहायची, अशी वहिनींची शिक्षा. एका निवृत्त मुख्याध्यापकांनी त्याच्या माफीतल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल रंगाने दुरुस्त करून परत पाठवल्या. त्याने दुरुस्त करून पुन्हा पाठवली. त्यांनी 'आता ठीक' असा शेरा दिला आणि घरच्यासाठी एक किलो भुकटी मागवली. जैन भोजनालयाने मात्र माफी स्वीकारली, पण भुकटी नाही.

शेवटी सगळ्यांना एकदम पाठवायचा दिवस आला. सब्जेक्ट लाइन हवी होती.

"'चुकून तुमच्या उकिरड्यात पडलो होतो. आत येऊ का?'" शकुंतलाबाई म्हणाल्या.

"उकिरडा नको, जाऊबाई. दिवाळी आहे. 'दाराबाहेर उभ्या आहोत. आत येऊ का?'"

"दाराबाहेर तर वर्गणीवाले पण ऱ्हातात उभे! कळायला नको का, कुठं व्हतो?"

"कळेल आत वाचल्यावर!"

"आत आला तर वाचील ना!"

आवाज चढले. शेजारच्या गाळ्यातले टेलर बाहेर येऊन बघायला लागले. मी सवयीने तोंड उघडलं, "असं करू या का, निम्म्यांना..."

"मॅडम, तुम्ही मध्ये पडू नका," दोघी म्हणाल्या, आणि पुन्हा भांडायला लागल्या.

मी चहा घेतला. असा सुंदर चहा मी फार दिवसांत प्यायले नव्हते.

ओळ गेली ती अशी: 'तुमच्या स्पॅममध्ये पडलो होतो. अंग झटकून उभ्या आहोत. आत येऊ का?' खाली नाव एकीचं नाही, दोघींचं.

दुपारपर्यंत 'या, या' अशी उत्तरं यायला लागली. 'या.' 'केव्हाही या.' 'येताना वीस पोती घेऊन या.' मी मोठ्याने वाचत होते, वैशाली लिहून घेत होती, शकुंतलाबाई कारखान्यात फोन करून पॅकिंगवाल्या पोरींना वजनं सांगत होत्या. धनत्रयोदशीच्या आत गोदामाचा तळ दिसला. एकाही बाईला घरी बसवावं लागलं नाही. उलट सोलणाऱ्या आणि पॅकिंगवाल्या अशा दोन्ही पार्ट्यांना सारखंच फराळाचं वाटप झालं. त्यात कुरडया होत्या. कोणी केल्या होत्या, हे विचारायचं धाडस मी केलं नाही.

आता त्यांना माझी गरज उरलेली नाही. चाचणी कशी घ्यायची, आकडे कसे बघायचे, सगळं वैशाली शिकली. चांगलं गिऱ्हाईक असं हातचं जातं तेव्हा माझ्यासारखीने वाईट वाटून घ्यायला हवं. थोडं वाटलंही. पण महिन्यातून एकदा त्या मला यादीवर नजर टाकायला सांगतात, तेवढ्यापुरती मी अजून त्यांची.

मागच्या खेपेला नजर टाकताना एक उत्तर दिसलं. एका मसाल्याच्या कारखान्यातले खरेदी अधिकारी होते, त्यांचं. लिहिलं होतं: 'मी निवृत्त झालो. हा माझा घरचा पत्ता. खरेदी आता माझ्याकडे नाही, मी तुमच्याकडून पावशेरसुद्धा घेणार नाही. तरी कृपया मला यादीत घ्यावे. महिन्याच्या महिन्याला ओळ वाचायची सवय झाली आहे. चहाबरोबर लागते.'

धंद्याचा नियम असा की, जो कधीच काही घेणार नाही त्याचा पत्ता ठेवायचा नाही. हा नियम मी स्वतः कित्येकांना शिकवलाय. मी लासलगावला फोन केला, स्पीकरवर दोघी होत्या.

"काय करू? काढू?"

"हात तर लावा!" शकुंतलाबाई म्हणाल्या.

तर ते आजोबा यादीत आहेत. दर महिन्याला नेमाने उत्तर लिहितात आणि ही ओळ थोरलीची की धाकटीची ते ओळखून दाखवतात. भाषा, स्वभाव, मागचे दाखले, सगळी कारणं देऊन. कधी ठामपणे थोरलीची म्हणतात, कधी पैज लावून धाकटीची. एकदाही बरोबर ठरलेले नाहीत. त्या दोघी हल्ली प्रत्येक ओळ शेजारी बसून, भांडून, मिळून लिहितात, हे त्यांना कळवायचं नाही, असं आमचं तिघींचं ठरलंय.